चामराजपेटची एक सकाळ आणि मासळीची पारख

वाचकहो, बंगळूरला जाणारा प्रवासी बहुधा लालबाग पाहतो, कबन पार्कच्या सावलीत घटकाभर विसावतो, विधानसौधाच्या पायऱ्यांसमोर उभा राहून छायाचित्र काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी म्हैसूरची गाडी धरतो. चामराजपेटची वाट सहसा कोणी धरीत नाही. तेथे पाहण्यासारखे असे काय आहे, असे कोणी विचारलेच तर चटकन उत्तर देणेही कठीण. परंतु एखादे शहर कसे राहते, काय खाते आणि कशाची काळजी करते हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने दोन दिवस चामराजपेटेत अवश्य काढावेत.

ही पेठ वसली ती १८९२ साली. त्या वेळचे म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला सरळ, समांतर मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या अशी तिची आखीव मांडणी आजही ओळखू येते. मोटारींची गर्दी वाढली, बैठ्या घरांच्या जागी तिमजली इमारती आल्या. तरी मधूनच कौलारू पडवी, दारापुढची रांगोळी आणि अंगणातला नारळ दृष्टीस पडतो. १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद येथेच आहे. रामनवमीच्या दिवसांत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर कर्नाटक संगीताच्या मैफली रंगतात. जवळच टिपू सुलतानाचा लाकडी खांबांचा महाल आहे. आणि मराठी माणसाने तर येथे स्वतःला परका समजण्याचे कारणच नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे गाव जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यानंतर या ना त्या निमित्ताने येथे आलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथेच रुजली आहेत.

अशाच एका घरी, माझ्या चुलत बंधूंकडे, मी उतरलो होतो. कार्तिक संपत आला होता. शेजारच्या बसवनगुडीत, नंदीच्या देवळापाशी, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची प्रसिद्ध जत्रा भरते. तिला 'कडलेकाई परिषे' म्हणतात. सोमवारी आम्ही सर्वांनी जत्रेत पोटभर शेंगा खाल्ल्या. बुधवारी सकाळी वहिनी पिशवी घेऊन निघाल्या आणि म्हणाल्या, "भावजी, चला बाजारात. आज मासळीचा वार. तुम्ही कोकणातले, तुम्हांला पारख असेल."

बोलता बोलता त्यांच्या मनातली काळजी बाहेर आली. त्यांच्या सूनबाईंना पाचवा महिना लागला होता. रक्त कमी असल्याचे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि आहारात मासळी असू द्या, असेही म्हटले होते. सूनबाईंचे माहेर मालवणकडचे. "तळ्यातल्या पाळीव माशांत काही सत्त्व नसते, खायचा तर समुद्राचा मासा," असे त्यांच्या आईने फोनवरून बजावले होते. म्हणून दर बुधवारी सुरमईची एक तुकडी येई. ती एकट्या सूनबाईंच्या ताटात पडे आणि बाकीच्यांची मासळी बंद. "इतक्या महागाईत दुसरे काय करणार?" वहिनी म्हणाल्या. मी खोटे कशाला सांगू? माझेही मत सूनबाईंच्या आईहून काही वेगळे नव्हते. ते तपासून पाहावे असे मात्र त्या सकाळी प्रथमच वाटले.

दोन वाटांनी आलेले पाहुणे

चामराजपेटेतून पूर्वेकडे थोडे चालले की कृष्णराजेंद्र बाजार लागतो. १९२८ सालच्या या बाजारात फुलांचे ढीग, भाजीच्या पाट्या आणि माणसांचा लोंढा यांतून वाट काढीत आम्ही मासळीवाल्यांपर्यंत पोचलो. तेथे एक गंमत पाहावयास मिळाली. एका बाजूला समुद्राची मासळी, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याची. आपल्या ओळखीचे सारे मासे येथे कानडी आणि तुळू नावांनी वावरत होते. आपला बांगडा येथे 'बंगुडे', सुरमई म्हणजे 'अंजल', पापलेट 'मांजी' आणि आपली तारली 'बूताय'. केरळचा ग्राहक तिलाच 'मत्ती' म्हणून मागतो. रोहू आणि कटला यांची नावे मात्र कलकत्त्यापासून बंगळूरपर्यंत जवळजवळ तीच.

समुद्राची मासळी मंगळूर, मलपे अशा बंदरांवरून बर्फात घालून येते. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची वाट, आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. रोहू-कटला येतात ते बव्हंशी आंध्रातून, कोल्लेरु सरोवराच्या परिसरातल्या तळ्यांतून. त्यांचा प्रवास तर याहूनही लांबचा. म्हणजे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेल्या या शहरात दोन्ही मासे पाहुणेच. ताजेपणाचा मान केवळ समुद्राच्या माशाला देण्याचे येथे काहीच कारण नाही. डोळे तेजस्वी आणि फुगीर, कल्ले लालभडक, मांस बोटाने दाबताच पुन्हा वर येणारे आणि वास उग्र नसलेला, ही कसोटी दोघांनाही सारखीच लावली पाहिजे.

तळ्याची मासळी हा आता दुय्यम प्रकारही राहिलेला नाही. १९५०-५१ साली आपल्या देशात मासळीचे एकूण उत्पादन ७.५२ लाख टन होते. त्यातले ५.३४ लाख टन समुद्राचे आणि अवघे २.१८ लाख टन गोड्या पाण्याचे. २०२२-२३ साली एकूण आकडा १७५ लाख टनांवर गेला, आणि त्यात समुद्राचा वाटा सुमारे ४४ लाख टन, तर भूजलाशयांतील मासळीचा १३१ लाख टन! यातला बराच मोठा भाग पाळलेल्या माशांचा आहे. साऱ्या जगातही २०२२ साली पाळलेल्या जलचरांच्या उत्पादनाने पकडलेल्यांना प्रथमच मागे टाकले.

हे घडले कसे? रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नद्यांतले मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. त्यामुळे पूर्वी पावसाळ्यात नदीतून त्यांची पिले गोळा करून तळ्यात सोडावी लागत, आणि त्यात भलत्याच जातींची पिलेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून तळ्यातच अंडी घालावयास लावले. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शुद्ध बीज हाती आले आणि तळी शेतासारखी पिकू लागली. वरच्या थरात कटला, मधल्या थरात रोहू, तळाशी मृगळ. एकाच तळ्यात जणू तीन मजल्यांची शेती!

मासा काय खातो, ते आपण खातो

आता मुख्य प्रश्न. रानावनातल्या हरणाप्रमाणे मोकळा वाढलेला मासा आणि गोठ्यातल्या गाईप्रमाणे पाळलेला मासा, यांत पोषण कोणाचे अधिक?

प्रथिनांपुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. माशाच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण १६ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. मग तो बांगडा असो वा रोहू, मोकळा असो वा पाळलेला. ही प्रथिने उत्तम प्रतीची व पचावयास हलकी असतात. रक्ताच्या घडणीला लागणारे ब-१२ जीवनसत्त्वही दोन्हींतून मिळते. तेव्हा 'पाळीव माशांत सत्त्व नसते' हे म्हणणे टिकत नाही. ज्या घरात आठवड्यातून दोनदा रोहूचे कालवण होते, त्या घरातल्या मुलांची शरीरे त्यावर निश्चित पोसली जातात.

फरक सुरू होतो तो चरबीपासून. माशाच्या चरबीत ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्ले असतात. गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या घडणीला त्यांतली काही फार मोलाची आहेत, आणि मोठ्यांच्या हृदयालाही ती हितकर मानली जातात. गंमत अशी की, मासा ती स्वतः फारशी तयार करीत नाही. ती तयार होतात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात. शैवाल खातात बारीक जलजीव, त्यांना खातात लहान मासे आणि त्यांना मोठे मासे. म्हणजे तारलीच्या अंगातले तेल हे खरे पाहता समुद्राच्या सूक्ष्म हिरवळीचे देणे आहे.

तळ्यातल्या रोहूच्या पुढ्यात मात्र आपण काय घालतो? भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. सोमवारच्या जत्रेतल्या शेंगा मला येथे आठवल्या. शेंगांचे तेल निघते, पेंड उरते आणि ती तळ्यात माशांच्या तोंडी जाते. अशा खाद्यावर मासा लवकर भरतो, अंगाने लठ्ठही होतो. पण त्याच्या चरबीत वनस्पतिज तेलांचा अंश वाढतो आणि समुद्री ओमेगा-३ चा अंश तारली-बांगड्याच्या मानाने पुष्कळच कमी राहतो. दोष तळ्याचा नव्हे, दोष असेल तर ताटाचा आहे.

हीच गोष्ट दूरच्या सामन माशातही दिसते. बंगळूरच्या मोठ्या दुकानांत आज हा परदेशी मासा मिळतो. तो बहुधा नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेला असतो. आपला रावस कधीकधी 'भारतीय सामन' या नावाने विकतात, पण दोघांचे कूळ अगदी वेगळे, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. मोकळ्या अटलांटिक सामनात शंभर ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम चरबी, तर पाळलेल्यात सुमारे १३ ग्रॅम. प्रथिने दोन्हींत २० ग्रॅमांच्या आसपास. चरबीच दुप्पट असल्यामुळे पाळलेल्या सामनातही ओमेगा-३ भरपूर भरत असे. पुढे माशांच्या तेलाऐवजी वनस्पतिज तेल त्याच्या खाद्यात अधिक घालू लागले आणि २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या पाळीव सामनातली ही मोलाची स्निग्धाम्ले जवळजवळ निम्म्यावर आली. मासा तोच, पिंजरा तोच, खाद्य तेवढे बदलले!

आणि मोकळ्या माशाचे पोषण तरी बारमाही सारखे कोठे असते? आपल्याकडची तारली पाहा. पावसाळ्यात अंडी घालून ती रोडावते. पावसानंतर किनाऱ्यालगत शैवालाचे पीक येते, त्यावर ती चरते आणि थंडीच्या तोंडाशी अंगात तेल साठवते. शंभर ग्रॅममधली चरबी ऋतूनुसार दोन-तीन ग्रॅमांपासून पंधरा ग्रॅमांच्याही पुढे जाते. आमच्या सुदैवाने तो मोसम नुकता सुरू झाला होता.

बांगला देशाचा धडा

येथवर ऐकून वहिनी म्हणाल्या, "तेलाचे समजले, भावजी. पण सूनबाईला कमी आहे ते रक्त. त्याचे काय?"

प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे उत्तर शेजारच्या बांगला देशाच्या अनुभवात सापडते. त्या देशात मत्स्यशेतीने मोठी प्रगती केली. १९९१ ते २०१० या काळात तेथील माणशी मासळीचे सेवन सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. साहजिकच पोषणही तितकेच वाढले असेल, असे कोणालाही वाटेल. पण संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा मासळीतून मिळणारे लोह आणि कॅल्शियम उलट घटल्याचे आढळले! याचे कारण पूर्वी लोक ओढ्या-खाचरांतले बोटभर लांबीचे मासे डोके-काट्यांसकट खात. आता त्यांच्या जागी तळ्यातल्या मोठ्या माशांच्या फोडी आल्या. फोडीत प्रथिने आली, पण काटे, डोके, डोळे ताटाबाहेर राहिले. माशातले कॅल्शियम असते ते काट्यांत. लोहासारखी द्रव्येही अख्ख्या लहान माशात अधिक असतात. तेथील 'मोला' नावाच्या चिमुकल्या माशात तर अ-जीवनसत्त्वाचा खजिनाच असतो, आणि तो मुख्यतः डोळ्यांत व पोटात. डोके कापून टाकले की खजिना उकिरड्यावर गेलाच म्हणून समजा.

या लहान माशांचे मोल जगापुढे मांडणाऱ्या शास्त्रज्ञ शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून निघालेला उपाय मोठा शहाणपणाचा आहे. त्यांनी तळी बुजवा असे सांगितले नाही. त्याच तळ्यात रोहू-कटल्याच्या सोबतीला मोलाही वाढवा, असे सांगितले. मोठा मासा बाजारात जातो, लहान मासा घरच्या हंडीत राहतो आणि मोठ्याच्या उत्पन्नात घटही येत नाही.

तेव्हा खरा भेद केवळ मोकळा आणि पाळीव असा नाही. अख्खा खाल्ला जाणारा लहान मासा आणि तुकडीने खाल्ला जाणारा मोठा मासा, हा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. या दृष्टीने पाहिले तर सुरमईची ती महागडी तुकडी समुद्राची असूनही काट्यांतल्या कॅल्शियमला पारखीच. शिवाय मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षे लहान माशांना खातात, त्यामुळे समुद्रातला पारा त्यांच्या अंगात साठत जातो. मुशी, तलवारमासा यांसारखे मोठे मासे गरोदर स्त्रीने टाळावेत, आणि आकाराने मोठी सुरमईही वरचेवर खाऊ नये, हे बरे. तारली, बांगडा, मांदेली हे अल्पायुषी जीव. त्यांच्या अंगी हे विष साठावयास सवडच मिळत नाही.

तलावाकाठचा विचार

संध्याकाळी मी एकटाच केंपांबुधी तलावाकडे फिरावयास गेलो. चामराजपेटेपासून तो फार लांब नाही. बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांच्या नावाशी निगडित असलेला हा तलाव आज चारी बाजूंनी वस्तीने वेढला आहे. काठावर बगळे टपून बसले होते. पाण्यात मासा आहे याची त्यांना खात्री असावी; पण तो खावा की नाही, हा प्रश्न त्यांना पडत नाही, आपल्याला पडावा. शहराचे सांडपाणी ज्या तलावांत उतरते, त्यांतला मासा कोणी न पाळता वाढला तरी शुद्ध म्हणता येत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये याच शहरातल्या अलसूर तलावावर हजारो मासे मरून तरंगले होते. मोकळे म्हणजे निर्मळ, ही समजूत त्या दिवशी पाण्यावर उताणी पडलेली सर्वांनी पाहिली. याउलट स्वच्छ पाण्याच्या, नीट निगराणीच्या तळ्यातला रोहू निर्धास्तपणे खावा.

चामराजेंद्र महाराजांचेच नाव लाभलेल्या योजनेने १८९० च्या दशकात हेसरघट्टाच्या तलावातून बंगळूरला नळाचे पाणी आणले. त्याच हेसरघट्टात आज मत्स्यसंशोधनाचे काम चालते. ज्या तलावाने एकेकाळी शहराची तहान भागवली, त्याच्या काठी आता ताटातल्या माशाचा विचार होतो, हा योगायोग मला फार बोलका वाटला. पाणी राखले तरच मासा राखला जाईल, आणि मासा काय खातो याची काळजी घेतली तरच आपले ताट राखले जाईल.

त्या बुधवारी वहिनींच्या पिशवीत काय आले, ते सांगावयाचे राहिलेच. सुरमईच्या तुकडीला जेवढे पैसे पडत, तेवढ्यात तारली आणि वर थोडा रोहू असे दोन्ही आले. तारली वहिनींनी चिंच आणि मिरचीच्या वाटणात, मंगळुरी पद्धतीने, कुकरमध्ये सावकाश शिजवली. आंबटाने आणि वाफेने तिचे बारीक काटे इतके मऊ झाले की ते चावून खाता आले. तळण काढले नाही. तळणीत माशातले चांगले तेल कमी होते आणि कढईतले तेल अंगी लागते. रोहूचे कालवण नातवंडांसाठी झाले. त्याचे काटे मात्र वहिनींनी स्वतः बसून वेचले. कित्येक आठवड्यांनी त्या घरात साऱ्यांच्या पानांत एकाच वेळी मासळी पडली.

सूनबाईंनी पहिला घास घेतला आणि आईला फोन लावला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, पण शेवटचे वाक्य कानी आले, "आई, गोळ्या चालूच आहेत गं. पण तारली तू का नाही सांगितलीस?"

वाचकहो, तुम्ही समुद्राकाठी राहात असा वा पठारावर, बाजारात गेलात तर माशाचे गाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: तो ताजा आहे का, तो काय खाऊन वाढला, आणि आपण त्यातले किती खाणार आहोत. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते. तेव्हा तळ्याचा रोहू आनंदाने आणा. पावसानंतर तारली-बांगड्याचा मोसम आला की त्यांना घरी बोलवा. लहान मासा हाताशी असेल तर त्याला गरिबाचा मासा म्हणून हिणवू नका. पोटात बाळ असलेल्या लेकीसुनेच्या पानात तो आधी वाढा, आणि उरलेला उरल्यासुरल्यांना नव्हे, साऱ्या घराला पुरेल एवढा आणा.